लहान्या भिकूचं ऋण

माझे वडील गुलमंडीवरच्या एका कापडदुकानात हिशेब लिहीत. दुकानाच्या वरच आमचं बिऱ्हाड. व्हीसीआर भाड्याने आणून गल्लीने मिळून रात्रभर सिनेमे पाहायचे ते दिवस. तसाच एका रात्री 'आक्रोश' पाहिला. मी नुकताच माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालयात जाऊ लागलो होतो. कोर्टाचा सिनेमा म्हणजे तडाखेबंद उलटतपासणी आणि ऐनवेळी हाती लागणारा पुरावा, एवढीच माझी समज होती. इथे तर बायकोच्या खुनाचा आरोप असलेला लहान्या भिकू आपल्या वकिलाशीसुद्धा बोलेना. मला त्याचा राग आला. ज्याला स्वतःला वाचवायचंच नाही त्याच्यासाठी वकिलाने तरी काय करावं, असं मनाशी म्हणत मी झोपी गेलो.

विजय तेंडुलकरांची पटकथा आणि गोविंद निहलानींचं पहिलं दिग्दर्शन. साल 1980. भाषा हिंदी असली तरी लहान्याचा वकील भास्कर कुलकर्णी, दुसाने, लहान्या ही सगळी आपल्याच मुलखातली माणसं. त्याच्या दोनच वर्षं आधी, 1978 साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या मथुरा बलात्कार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन पोलिसांना निर्दोष सोडलं होतं. मुलीने प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत, हा त्यामागचा एक मोठा आधार. कॉलेजात हा निकाल मी परीक्षेपुरता वाचला. गप्प राहिलेल्या माणसाबद्दल न्यायालय काय समजून चालतं, हा त्यातला खरा प्रश्न मला तेव्हा दिसलाच नाही.

वकिली सुरू केल्यावर विधी सेवा प्राधिकरणाकडून एक प्रकरण माझ्याकडे आलं. आरोपी ऊसतोड मजूर, कलम मारहाणीचं. हर्सूल कारागृहात मुलाखतीला गेलो, तर तो जाळीपलीकडे मान खाली घालून उभा. वकालतनाम्यावर अंगठा उमटवला आणि शाईचं बोट सदऱ्याला पुसत राहिला. मी विचारत गेलो, तो "काय न्हाई सायब" एवढंच म्हणत गेला. परत येताना मला लहान्या आठवला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच, आणि रागावाचून. लहान्या गप्प होता, कारण त्याचा म्हातारा बाप आणि तरणी बहीण त्याच गावात राहत होते, जिथे त्याच्या बायकोवर अत्याचार करून तिला मारणारे प्रतिष्ठित लोक राहत होते. मग माझ्या अशिलाची माणसं कुठे आहेत?

पुढच्या मुलाखतीत मी गुन्ह्याबद्दल चकार शब्द काढला नाही. बायको कुठंय, एवढंच विचारलं. बराच वेळ गेला. "मुकादमाच्याच टोळीवर हाय. उचल फिटली न्हाई अजून." बाकीचं त्याने तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं आणि शेवटी हात जोडले, "ह्यातलं कोर्टात काय बोलू नगा."

मी बोललो नाही. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 313 खालच्या जबाबात न्यायाधीशांच्या प्रत्येक प्रश्नाला त्याने "माहीत नाही" म्हटलं. साक्षीदारांच्या जबाबांतल्या विसंगतींवर मी युक्तिवाद केला आणि संशयाचा फायदा मिळून तो सुटला. मारणारा दुसराच होता, हे मला माहीत होतं. ते नाव कुठल्याच कागदावर आलं नाही. अशिलाचा शब्द मोडणं मला शक्य नव्हतं आणि तो पाळल्याचं समाधानही मला आजवर मिळालेलं नाही.

त्यानंतर 'आक्रोश' पुन्हा पाहिला. बापाला अग्नी द्यायला आणलेला लहान्या कुऱ्हाड उचलून बहिणीलाच मारतो. तिच्याही वाट्याला तेच येईल म्हणून. न केलेल्या खुनाचा आरोपी आता खरोखरच खुनी. त्याला काय शिक्षा द्यायची ते कायद्याला ठाऊक आहे. पण तिथवर त्याला कोणी आणलं, याची नोंद कुठल्या रकान्यात करायची? मी पुष्कळ निकाल वाचले, तरी हे कोडं मला सुटलेलं नाही.

पुढे काही काळ मी सरकारी बाजूने उभा राहिलो, तेव्हा दुसाने कळला. अमरीश पुरींनी साकारलेला हा सरकारी वकील स्वतः आदिवासी. रात्री-अपरात्री फोनवरून त्याला जातीवरून शिव्या दिल्या जातात. त्या गिळून तो सकाळी कोर्टात आपलं काम चोख करतो. एकेकाळी त्याला मी खलनायक समजून मोकळा झालो होतो. सरकारी वकिलाच्या खुर्चीत बसल्यावर कळलं, की समोर आलेल्या कागदांपलीकडे न पाहणं किती सोयीचं असतं आणि त्यात नियमाचा भंगही कसा होत नाही.

त्या काळात आरोपी मुकाट उभा दिसला, की मी तपास अधिकाऱ्याला विचारायचो, "याच्या घरचे सध्या कुठे राहतात? कोणाच्या आधाराने?" काहींना तो प्रश्न गैरलागू वाटे. तेंडुलकर-निहलानींनी तो माझ्या पदरात घातला होता, कुठल्याही प्राध्यापकाच्या कितीतरी आधी. आज माझ्याकडे येणाऱ्या ज्युनिअरांना हर्सूलला पहिल्या मुलाखतीला पाठवताना मी तोच आधी विचारायला सांगतो.