गच्चीवरची मेथी

बरकतपुरा, नोव्हेंबरचा शेवटचा रविवार

पहाटे गच्चीवर गेले. विटांचे चार थर रचून केलेल्या वाफ्यात मेथी वर आली आहे, पाचव्याच दिवशी! एका कोंबाच्या डोक्यावर बियाचं पिवळं टरफल अजून टोपीसारखं अडकलंय. गेल्या वर्षी नुसती लाल माती भरली होती. ती दगडासारखी आवळली आणि मुळे बोटभरच राहिले. यंदा निम्मं शेणखत आणि कोकोपीट घातलं. आता बोट सहज आत जातं.

शेजारच्या अम्मा मेथीला तेलुगूत ‘मेंतिकूर’ म्हणतात. महिन्याभरात पहिली खुडणी होईल. अर्धी जुडी त्यांच्या पप्पूत, म्हणजे डाळीत, अर्धी आमच्या भाकरीसोबत.

फ्लॉवर मात्र उशिरा लावला, त्याचीच काळजी वाटते. फेब्रुवारीत ऊन चढायच्या आत गड्डा धरायला हवा. संध्याकाळी पुन्हा पाणी घालीन.