दिल्लीतील एक सोमवार

सोमवारी लाल किल्ला बंद असतो, हे त्याच्या दारात उभे राहिल्यावरच आम्हांस कळले. सासूबाई मात्र खट्टू झाल्या नाहीत. "समोर आपले मंदिर आहे ना!" म्हणत त्या रस्ता ओलांडू लागल्याही.

श्री दिगंबर जैन लाल मंदिराची मूळ स्थापना १६५६ सालची, म्हणजे शहाजहानच्या काळातील मानतात. दर्शनानंतर आवारातील पक्ष्यांच्या रुग्णालयात गेलो आणि तेथेच दुपार झाली. पिंजऱ्यांतून पंख बांधलेली कबुतरे निमूट बसली होती. उपचार विनामूल्य असतात. मांसाहारी पक्ष्यांवर बाहेरच्या बाहेर उपचार होतात, त्यांना आत ठेवीत नाहीत. बऱ्या झालेल्या पक्ष्यांना गच्चीवरून आकाशात सोडतात. सासूबाईंना तेथून उठवणे कठीण झाले.

किनारी बाजारात गोटा-किनारीचे भाव विचारण्याचा मोह मला आवरला नाही. व्यापाऱ्याचा स्वभावच तो! त्यात अर्धा तास गेला.

मेट्रोने कुतुबमिनार गाठला. तेथील मशिदीसाठी सत्तावीस मंदिरांची सामग्री वापरल्याचे तिच्याच शिलालेखात नोंदलेले आहे. साखळ्यांना टांगलेल्या घंटा कोरलेल्या एका खांबावर सासूबाईंनी हात ठेवला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

सूर्य कलला होता. मिनार नीट न पाहताच बाहेर येऊन बाकावर दशम्यांचा डबा उघडला. सूर्यास्ताला दहा मिनिटे उरली असता त्यांनी शेवटचा घोट घेतला.