बरगीच्या काठावर

नागपूरहून उत्तरेकडे निघालेला राजमार्ग सिवनी, लखनादौन ही गावे मागे टाकीत जबलपूरला जातो. वाटेत पेंचचे अरण्य लागते. तेथे काही भागांत रस्ता उंच खांबांवर उचललेला आहे, म्हणजे खालून हरणा-वाघांना निर्वेधपणे ये-जा करता यावी. काही ठिकाणी गाड्यांचा आवाज व दिव्यांचा झोत अडविण्यासाठी दोन्ही बाजूंना भिंतीही घातल्या आहेत. मोटारीतील प्रवाशाला त्यामुळे अरण्य दिसते ते तुकड्यातुकड्याने. ही सोय वनचरांसाठी आहे आणि ती योग्यच आहे. परंतु त्याच क्षणी माझ्या मनात एक विचार आला, आणि त्याने पुढे सारा प्रवासभर माझी पाठ सोडली नाही. आपण निसर्ग पाहतो असे म्हणतो, पण तो कोठून पाहावयाचा हे बहुतेक वेळा आपल्या आधी दुसऱ्याच कोणी ठरवून ठेवलेले असते.

वाचकहो, दिवाळीनंतरचे दिवस होते. माझ्या सासूबाईंना नर्मदेचे दर्शन घडावे, एवढ्याच हेतूने आम्ही निघालो होतो. गंगेत स्नान करावे, नर्मदेचे मात्र नुसते दर्शन पुरते, अशी श्रद्धा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. सासूबाईंचे गुडघे आता साथ देत नाहीत. तेव्हा दर्शनावर भागते हे त्यांच्या दृष्टीने मोठेच सुख होते. माझ्याबरोबर माझा कॅमेरा होता. कचेरीत दिवसभर परिपत्रकांची भाषांतरे केल्यावर उरलेला वेळ मी छायाचित्रणात घालविते, हे घरच्यांनी आता मान्य केले आहे.

जबलपूर जवळ येऊ लागले की बरगी लागते. तेथून फुटलेला रस्ता धरणाकडे जातो. अमरकंटकला मैकल पर्वतात उगम पावलेली नर्मदा दिंडोरी, मंडला करीत येथवर येते आणि येथे तिला पहिला मोठा बांध अडवितो. या धरणाचे काम १९७४ मध्ये सुरू झाले व १९९० मध्ये पुरे झाले. उंची सुमारे ६९ मीटर, लांबी पाच किलोमीटरांहून अधिक, आणि पाणी सोडण्यासाठी २१ दरवाजे. मागे पसरलेला जलाशय सुमारे ७५ किलोमीटर लांब आहे. १८५७-५८ च्या संग्रामात लढलेल्या रामगढच्या राणी अवंतीबाई लोधी यांचे नाव त्याला दिलेले आहे. पावसाळ्यात दरवाजे उघडले की लोक ते दृश्य पाहावयास दुरून येतात. आम्ही गेलो तेव्हा दरवाजे मिटलेले होते आणि पाणी काठोकाठ, निळे, निश्चल होते.

काठावरच्या एका निरीक्षणस्थळी आम्ही थांबलो. मोटार जेथे उभी करता येत होती तेथून पाणी दिसत नव्हते. पुढे उभ्या चढणीच्या पायऱ्या होत्या. त्यांना धरावयास कठडा नव्हता. कठडा होता तो वर, पायऱ्या संपल्यावर. स्वच्छतागृह होते, पण त्याला कुलूप होते. ही गोष्ट स्त्रीवाचकांना अधिक सांगावयास नको. दोन तासांपूर्वीपासून सासूबाईंनी पाणी पिणे बंद केले होते ते याच भीतीने. त्यांनी एकवार पायऱ्यांकडे पाहिले आणि म्हणाल्या, “तुम्ही जाऊन या. मी बसते गाडीत.”

मी वर गेले. कठड्याशी उभी राहिले आणि तासभर छायाचित्रे घेतली. तेथून दृश्य खरोखर सुंदर होते. पण दहा-बारा चित्रे झाल्यावर माझ्या ध्यानात आले की, मी कितीही बाजू बदलल्या तरी चित्र एकच येत आहे. खाली कठड्याची आडवी रेघ, मध्ये पाणी, वर दूरची टेकडी. माझ्याआधी येथे आलेल्या प्रत्येकाने हेच चित्र नेले असणार, कारण बांधणाऱ्याने उभे राहावयाची जागा आखताना चित्राची चौकटही आखून दिली होती.

ही गोष्ट आजची नाही. म्हैसूरजवळ कृष्णराजसागराच्या पायथ्याशी वृंदावन उद्यान उभे राहिले. आपल्याकडे पैठणला जायकवाडीपाशी त्याच धर्तीवर ज्ञानेश्वर उद्यान रचले गेले. या दोन्ही उद्यानांतली आपल्या घरच्या संग्रहातली चित्रे काढून पाहा. त्यांत कारंजी असतील, फुलांचे ताटवे असतील, बाकावर बसलेली मुले असतील. कावेरी किंवा गोदावरी क्वचितच असेल, कारण बाक कारंज्याकडे तोंड करून ठेवलेले असतात.

परदेशातही छायाचित्र आणि सार्वजनिक उद्यान यांचे नाते असेच जुने आहे. अमेरिकेतील योसेमिटी खोऱ्याची चित्रे कार्लटन वॉटकिन्स या छायाचित्रकाराने १८६१ मध्ये मोठमोठ्या काचांवर घेतली. त्या चित्रांनी त्या खोऱ्याची कीर्ती दूरवर नेली, आणि १८६४ मध्ये लिंकनच्या सहीने ते खोरे सार्वजनिक उपयोगासाठी राखून ठेवण्यात आले. पुढच्याच वर्षी फ्रेडरिक ऑल्मस्टेड या उद्यानरचनाकाराने त्याविषयी जे टिपण लिहिले त्याचा एक आग्रह असा होता की, रम्य स्थळांचा लाभ मूठभर धनवंतांपुरता राहू नये आणि सामान्य माणसाला तेथवर पोहोचता येईल अशी वाट शासनाने करावी, मात्र ती वाट त्या स्थळालाच गिळून टाकणारी नसावी. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही दुहेरी अट आजही कोणत्याही निरीक्षणस्थळाला लावून पाहावी अशी आहे.

मी खाली उतरले आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर सासूबाईंना पाणी दाखविले. त्यांनी त्या हातभर अंतरावरच्या चिमुकल्या पडद्यालाच हात जोडले. मग थोडा वेळ पाहून त्यांनी विचारले, “पाणी दिसलं ग. पण यात नर्मदा कुठली?”

मला उत्तर देता आले नाही. शेजारी चहाची टपरी होती. तेथला वयस्क माणूस हे ऐकत होता. तो हिंदीत म्हणाला की, नर्मदा त्याच्या लहानपणी तिकडे, त्या टेकडीच्या पलीकडून वाहत होती आणि तिच्या काठी त्याचे गाव होते. त्याने बोट दाखविले ते पाण्याच्या अगदी मध्यावर. त्याचे सांगणे काही विरळा नव्हते. या जलाशयाने मंडला, सिवनी आणि जबलपूर या तीन जिल्ह्यांतील १६२ गावे बाधित केली. पुढे विस्थापितांनी संघटित होऊन जलाशयातील मासेमारीचा हक्क मागितला आणि १९९४ मध्ये त्यांच्या सहकारी संघाला तो मिळालाही. उन्हाळ्याकडे पाणी ओसरू लागले की उघड्या पडणाऱ्या जमिनीवर काही लोक पीक घेतात. हे सारे त्या निळ्या पाण्यातच आहे, परंतु कठड्यावरून ते दिसत नाही. ते सांगणारा एखादा फलकही मला तेथे आढळला नाही.

धरणामुळे रान भिजते, दिवे लागतात, शहरांना पाणी मिळते. त्याचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, ज्या ठिकाणी आपण निसर्ग पाहावयास जातो त्या ठिकाणचा निसर्ग पुष्कळदा माणसाने घडविलेला असतो, आणि तो घडविताना कोणी काय दिले हेही त्या दृश्याचाच भाग असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही भेडाघाटला गेलो. संगमरवरी कड्यांमधून नाव चालते आणि नावाडी यमके जुळवीत वर्णन करतो, ते ऐकून सासूबाई हसल्या. पण त्यांचे खरे दर्शन झाले ते संध्याकाळी, जबलपूरच्या ग्वारीघाटावर. घाटालाही पायऱ्याच असतात, तेव्हा माझे मन साशंक होते. परंतु त्या पायऱ्या रुंद आणि उथळ होत्या. सासूबाई वरच्या पायरीवर बसल्या. मग बसल्या बसल्याच एकेक पायरी खाली सरकत, मध्ये विसावा घेत, माझा हात धरून पाण्यापर्यंत गेल्या. वाटेत कोणी त्यांना जागा करून दिली, कोणी आपली पिशवी उचलून घेतली. त्यांनी पाण्यात हात बुडविला आणि कितीतरी वेळ तो तसाच राहू दिला.

तेव्हा मला उमगले की घाट ही आपल्या देशातील फार जुनी सार्वजनिक सोय आहे. अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरला बांधविला तो घाट पाहा, की आपल्या वाई-नाशिकचे घाट पाहा. घाट बांधणाऱ्याने नदी दुरून दाखविण्याचा विचार केलेला नाही. बसणारा, उतरणारा, कपडे धुणारा, दिवा सोडणारा, थकलेला अशा सर्वांनी तिच्यापर्यंत पोहोचावे, असा विचार केलेला आहे. पाणी चढो वा उतरो, कोणती तरी पायरी त्याला लागून असतेच. कठडा आपल्याला पडण्यापासून वाचवितो, आणि उंच जागी तो हवाच. पण त्याच्याबरोबर एक उताराची वाट, धरावयास एक दांडी, सावलीतले एक बाक आणि उघडे असलेले स्वच्छतागृह एवढे जरी केले, तरी किती वृद्ध, किती गर्भवती स्त्रिया, किती अपंग मुले मोटारीत बसून राहणार नाहीत!

वाचकहो, आपण कॅमेरा घेऊन अशा स्थळी जाल तेव्हा एक लहानसा प्रयोग करून पाहा. आखून दिलेल्या जागेवरून पहिले चित्र अवश्य घ्या. मग मागे वळा. आपल्यामागे कोण राहिले आहे, कोणत्या पायरीशी थांबले आहे, त्याचेही एक चित्र घ्या. आणि चहाच्या टपरीवर बसून त्या पाण्याची हकिकत विचारा.

घरी आल्यावर मी बरगीची सारी चित्रे पाहिली. त्यांपैकी एकाही चित्रात सासूबाई नव्हत्या. मी त्यांतले एकच ठेवले. ग्वारीघाटाचेही एकच चित्र आहे. ते थोडे हलले आहे, कारण माझा एक हात त्यांच्या हातात होता. त्यात नर्मदा फारशी दिसत नाही, नुसते पाण्यात बुडलेले मनगट आणि त्यातल्या दोन हिरव्या बांगड्या दिसतात. सासूबाईंनी ते देवघराशेजारी लावावयास सांगितले आहे.