बॅटरीची कुरकुर

2007 च्या जानेवारीतली गोष्ट. साताऱ्यात कडाक्याची थंडी होती. फजरच्या अजानला अजून अवकाश होता आणि सांगलीहून शेजारच्या चाचांचा फोन आला. अम्मीच्या छातीत दुखत होते. ते तिला रिक्षात घालून मिरजेच्या दवाखान्यात नेत होते. मी तसाच धावत मारुतीत बसलो, चावी फिरवली. स्टार्टर दोनदा कण्हला आणि मग नुसतीच टिकटिक.

बॉनेट उघडले तर बॅटरीच्या टर्मिनलवर पांढऱ्या-हिरव्या भुकटीचा थर. मरहूम अब्बा एस.टी.त ड्रायव्हर होते. दर जुम्म्याला नमाजला निघण्याआधी ते याच गाडीच्या बॅटरीची सहाही टोपणे काढून आत डोकावत. पातळी उतरली असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालत. नळाचे पाणी कधीच नाही, त्यातले क्षार बॅटरीचे आयुष्य कमी करतात. भुकटी दिसली की गरम पाण्यात खायचा सोडा कालवून टर्मिनल धुवायचे, पुसायचे, वर व्हॅसलीन लावायचे. ते गेल्यापासून दोन वर्षे मी बॉनेट उघडले नव्हते.

पाऊण तासाने दूधवाल्याचा टेम्पो आला. त्याच्याकडे केबल होती. दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसला त्याने लाल वायर जोडली. काळीचे एक टोक टेम्पोच्या मायनसला आणि दुसरे माझ्या बॅटरीपासून लांब, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. "बॅटरीजवळ ठिणगी नको, गॅस पेटतो," तो म्हणाला. गाडी सुरू झाली. कराड, पेठ नाका, आष्टा. कुठेही इंजिन बंद करायची हिंमत झाली नाही.

अल्लाहच्या कृपेने अम्मी वाचली. पण ती आत जाताना दाराशी तिच्या हाताला धरायला पोटचा मुलगा नव्हता, चाचा होते.

दुसऱ्या दिवशी सांगलीत बॅटरी बदलली. दुकानदाराने मीटर लावून दाखवले. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. माझी 12 च्याही खाली होती. इंजिन चालू असताना 14 च्या आसपास दिसले, म्हणजे अल्टरनेटर ठीक होता. "घर ते पोवई नाका एवढीच गाडी फिरवता. सुरू करताना जेवढी वीज जाते, तेवढी परत भरायला वेळच मिळत नाही. त्यात चार वर्षांची जुनी बॅटरी आणि ही थंडी. पण मालक, बॅटरी एका रात्रीत मरत नाही. आधी कुरकुरते."

खरेच होते. तीन आठवडे सकाळी स्टार्टर जड फिरत होता, हॉर्न दबका वाजत होता, दिवे पिवळट दिसत होते. मी 'थंडीमुळे असेल' म्हणून सोडून दिले होते.

अम्मीही महिनाभर फोनवर सांगत होती, "कुच नै बेटा, जरा थकान है." तेही मी थंडीवरच ढकलले होते.

आता पाणी न घालावे लागणाऱ्या बॅटऱ्या आल्या आहेत. तरी त्याही चार-पाच वर्षांत थकतात, आणि टर्मिनल साफ ठेवणे व मीटर लावून बघणे चुकत नाही. मी जुम्म्याला बॉनेट उघडतो. अम्मी पुढे नऊ वर्षे जगली. त्या नऊ वर्षांत बॉनेट बंद केले की हात धुऊन आधी तिला फोन करायचा आणि ती 'कुच नै' म्हणाली की पुन्हा विचारायचे, असा माझा नेम होता.