एमटीआर की विद्यार्थी भवन?

गेल्या डिसेंबरात बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे बेंगळुरूला आले. मला इथे नोकरी लागून नऊ वर्षं झाली, तरी काही ना काही कारण काढून ते येणं टाळत होते. खरं कारण काय, हे बेळगावच्या मराठी घरात वाढलेल्यांना सांगायला नको.

मुक्काम दोनच दिवसांचा, शनिवार-रविवार. म्हणजे नाश्ते दोन. मी सवयीप्रमाणे प्रवास-मार्गदर्शिका आणि नेटवरची परीक्षणं वाचून एक्सेलमध्ये तक्ताच केला. एका बाजूला लालबागजवळचं एमटीआर, दुसऱ्या बाजूला गांधी बाजारातलं विद्यार्थी भवन. चव दोन्हीकडे उत्तम. एमटीआरला बसायला जागा बरी. विद्यार्थी भवनात मात्र 'अनोळखी लोकांबरोबर एकाच टेबलावर बसावं लागतं' अशी तक्रार सारखी दिसत होती. बाबांचा स्वभाव पाहता तिथे मी लाल खूण केली.

शनिवारी एमटीआर. हे 1924 सालचं. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली, तेव्हा इथे रव्याची इडली करून पाहिली. आज आपण घरोघरी करतो ती रवा इडली इथलीच म्हणतात. काजू लावलेली इडली, बटाट्याचा सागू आणि वर तूप. बाबा शांतपणे जेवल्यासारखं खाऊन उठले. "छान आहे," एवढंच बोलले.

रविवारी मनात धाकधूक ठेवूनच विद्यार्थी भवनात गेलो. हे 1943 सालचं. छोटीशी जागा, भिंतीवर कन्नड साहित्यिकांची चित्रं, आणि हातावर डोशांच्या बशांची चळत घेऊन येणारे वाढपी. आमच्या टेबलावर एक वृद्ध गृहस्थ आधीच बसलेले. त्यांनी बाबांकडे पाहून विचारलं, "यावूरु?" कुठल्या गावचे?

मी उत्तर देणार, तोवर बाबाच म्हणाले, "बेळगाव." आणि पुढे चक्क कानडीत सुरू झाले! बाजारहाटापुरतं येणारं, मोडकंतोडकं कानडी. ते गृहस्थ चाळीस वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त बेळगावात राहिलेले. खडेबाजार, कुंदा, तिथला पाऊस, सगळं निघालं. आठवून आठवून तेही दोन-चार मराठी शब्द बोलले. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ डोसा पातळ चटणीत बुडवत दोघे अर्धा तास बोलत होते. बाहेर रांग वाढत होती, म्हणून शेवटी मीच त्यांना उठवलं.

तुम्ही विचाराल, दोन्हींत सरस कोणतं? रवा इडलीसाठी एमटीआर, डोशासाठी विद्यार्थी भवन. आईवडिलांना घेऊन जात असाल तर सकाळी लवकर जा, आणि टेबल कुणाबरोबर वाटून घ्यावं लागलं तर कुरकुर करू नका.

परवा बाबांचा फोन आला. "पुढच्या महिन्यात तुझ्या आईला घेऊन येतो. त्या डोशाच्या हॉटेलला शुक्रवारी सुट्टी असते ना? मग शनिवारचंच बघू."