काचेवरचा कागद

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, शहागंजातल्या घड्याळाच्या मनोऱ्याकडून चेलीपुऱ्याकडे वळलं की आमचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान लागतं. रेशनकार्डाचे अर्ज, भाडेकरार, लग्नपत्रिका, बायोडाटा, हे रोजचं काम. पण या दुकानात कविताही येतात. त्या बारा महिने सारख्या येत नाहीत, त्यांना हंगाम असतो, आणि तो हंगाम मला वर्षानुवर्षं टाइप करताना कळत गेला.

मराठी मी आईच्या दुकानातच शिकले, आधी टाइपरायटरवर आणि मग श्री-लिपीवर. उर्दूचं इनपेज शिकवलं ते एका कातिब चाचांनी. तरुणपणी ते पिवळ्या कागदावर कलमाने अख्खं उर्दू साप्ताहिक लिहून काढत. इनपेज 1994 साली आलं आणि पुढच्या काही वर्षांत कातिबांचं काम गेलं. चाचांनी उतारवयात की-बोर्ड शिकून घेतला आणि ते आमच्या दुकानात येऊन बसू लागले. उर्दू गझलेतल्या शेराचे दोन्ही मिसरे, म्हणजे ओळी, सारख्याच रुंदीत बसले पाहिजेत, एक इकडे एक तिकडे लोंबता कामा नये, हे त्यांनी मला इतक्या कसोशीने शिकवलं की आता कुणाची वेडीवाकडी छापलेली गझल दिसली तरी मी बेचैन होते. मराठी मुक्तछंदात तसं नाही. तिथे ओळ कुठे तोडायची हे फक्त कवीलाच ठाऊक, म्हणून मी त्याला शेजारी स्टुलावर बसवूनच टाइप करते.

मराठी कवितेचा मोठा हंगाम दिवाळी अंकांचा. पहिला दिवाळी अंक 1909 सालचा, काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’चा. आज दरवर्षी शेकड्यांनी अंक निघतात आणि जवळपास प्रत्येकात कवितेची पानं असतात. नव्या कवीला एवढं मोठं दार मराठीत दुसरं नाही. पण हे दार दिवाळीत उघडं नसतं. संपादक ज्येष्ठ-आषाढात कविता मागवतात आणि गणपती बसेपर्यंत पानं लागायला सुरुवात झालेली असते. गणपतीनंतर पाठवलेली कविता चांगली असली तरी बहुतेक वेळा पुढच्या वर्षावर जाते. ज्यांच्या ओळखी आहेत त्यांना हे माहीत असतं. आमच्या गल्लीतल्या पोरांना कोण सांगणार? अंक विक्रीला आला की ती चाळतात, पत्ता उतरवून घेतात आणि कार्तिकात कविता पाठवतात. उत्तर येत नाही. मग मुलगा धरून चालतो की आपली कविताच टाकाऊ आहे.

हे मला फार लागतं.

म्हणून मी दुकानाच्या काचेवर एक कागद लावायला लागले. आधी दोनच ओळी होत्या: दिवाळी अंकांना कविता आत्ता पाठवा, आषाढ संपायच्या आत, आणि युनिकोडमध्ये पाठवा. ही दुसरी ओळ क्षुल्लक वाटेल, पण श्री-लिपीतली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. शंभर मेल आलेला संपादक ती दुरुस्त करत बसत नाही. चाचांनी कागद पाहिला आणि विचारलं, “बेटा, उर्दूवालों का क्या?” त्या संध्याकाळी त्यांनी तोच मजकूर उर्दूच्या नस्तालीक वळणात स्वतःच्या हाताने लिहून दिला. तेव्हापासून काचेवर दोन कागद असतात.

आमच्या भागात हे नुसतं सौजन्य म्हणून केलेलं नाही, ती गरज आहे. वली औरंगाबादी या शहराचा, सिराज औरंगाबादी या शहराचा. वली 1700 साली दिल्लीला गेला, 1720च्या सुमारास त्याचा दिवान तिकडे पोहोचला, आणि फारसीतच लिहिणाऱ्या दिल्लीला कळलं की आपल्या बोलीतही अशी गझल होते. पुढे मौलवी अब्दुल हक यांनी ‘उर्दू’ हे त्रैमासिक 1921 साली इथूनच सुरू केलं. सिकंदर अली वज्द इथलेच, ‘बाजार’ चित्रपटासाठी गीत लिहिणारे बशर नवाज इथलेच. मराठीकडे पाहिलं तर गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ याच शहरातून चालवलं आणि कितीतरी दलित कवींच्या सुरुवातीच्या कविता त्यात आल्या. एवढी पुण्याई असलेल्या शहरात उर्दूची बातमी मराठीला कळत नाही आणि मराठीची उर्दूला. मुशायऱ्याचं पोस्टर शहागंज-बुढीलाईनला लागतं, मराठवाडा साहित्य परिषदेच्या नांदापूरकर सभागृहातल्या कार्यक्रमाची बातमी मराठी पेपरात येते. दोन्हीकडे जाणारी माणसं आहेत, पण थोडी.

एक मुलगी आमच्याकडे सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आली होती. बुरख्यातली, कॉलेजात शिकणारी. काचेवरचा मराठी कागद तिने नीट वाचला आणि हळूच विचारलं, “मॅडम, कविता कुणाचीही चालते का?” घरात बोली दखनी, शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे तिची कविता मराठीतच उतरली होती. आजीच्या शिवणयंत्रावरची होती. मी तिला स्टुलावर बसवलं, तिने ओळी सांगितल्या, मी टाइप केल्या. एकही शब्द बदलावा असं मला वाटलं नाही. मानधन मिळालं नाही, पण त्या दिवाळीला जिल्ह्यातल्याच एका अंकात कविता आली आणि अंकाची प्रत घरपोच आली. तिच्या वडिलांना मराठी वाचता येत होतं, पण आपली मुलगी मराठीत लिहिते हे त्यांना तेव्हाच कळलं. ते अंक घेऊन दुकानात आले आणि त्या पानाची झेरॉक्स मागितली, नातेवाइकांना द्यायला.

उर्दूचा हंगाम चंद्रावर चालतो, म्हणून तो दरवर्षी सरकतो. रबीउल अव्वलमध्ये नातिया मुशायरे, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतिकाव्याचे, होतात. रमजानात रात्री शहागंज माणसांनी फुललेलं असतं, पण मुशायरा जवळपास नसतोच. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, त्यामुळे एखाद्या साली तो मराठीच्या ऐन हंगामात बसतो. 2026 सालची 27 फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिनाची, रमजानात येते. त्या संध्याकाळी ठेवलेल्या कविसंमेलनाला रोजा सोडणारा कवी कसा पोहोचणार? कार्यक्रम ठरवणाऱ्यांनी एकदा पंचांगाशेजारी हिजरी कॅलेंडरही उघडलं, तर दुपारची वेळ ठेवून हा प्रश्न सुटतो.

भाद्रपद-आश्विनात माझ्या टेबलावर नाटकांच्या संहिता येतात. हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी बहुधा नोव्हेंबरात सुरू होते. त्याआधी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून टाइप केलेल्या स्वच्छ प्रती वेळेत हव्या असतात. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ही कामं चालतात. त्याच सुमारास इथल्या विद्यापीठाच्या केंद्रीय युवक महोत्सवाची धावपळ असते. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव या चार जिल्ह्यांतली मुलं येतात, पोवाडा, भारूड, लोकगीत घेऊन. जानेवारीत महागामी या नृत्य-गुरुकुलाचा शार्ङ्गदेव महोत्सव असतो, अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सव असतो. त्यांची माहिती मी कागदावर लिहिते, पण खरी गर्दी पाहायची तर 14 जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर जावं. 1994 साली त्याच दिवशी विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं. तिथे पुस्तकांचे स्टॉल लागतात, शाहीर गातात, आणि आठ-दहा पानांच्या गीतांच्या पुस्तिका हातोहात खपतात. त्यातल्या काही आमच्याकडे टाइप झालेल्या असतात. त्या कवींना आपण साहित्यिक आहोत हे कुणी सांगितलेलं नसतं, पण त्यांची गाणी एप्रिलात भीमजयंतीला गल्लोगल्ली म्हटली जातात. मोठमोठ्या संग्रहांच्या वाट्याला एवढे ऐकणारे येत नाहीत.

पहिलं पुस्तक काढायचं असलेल्यांसाठी मी एक ओळ वर्षभर काचेवर ठेवते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्याचं एकही पुस्तक आलेलं नाही त्याच्या हस्तलिखिताला, निवड झाली तर, छपाईसाठी अनुदान मिळतं. पुस्तक आल्यावर राज्य वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या काव्यसंग्रहासाठी बहिणाबाई चौधरींच्या नावाचा पुरस्कार आहे. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार 2011पासून आहे. तो पस्तिशीपर्यंतच्या लेखकांना मिळतो, मराठीला वेगळा आणि उर्दूलाही वेगळा. ही नावं ऐकून आमच्याकडची मुलं म्हणतात, “ते मोठ्या लोकांचं असतं.” मी म्हणते, अर्ज करायला वशिला लागत नाही, हस्तलिखित लागतं.

आता जे सांगायचं आहे ते रागाने सांगते. गेल्या काही वर्षांत मोबाइलवर फिरणाऱ्या जाहिराती वाढल्या आहेत. ‘राज्यस्तरीय काव्यभूषण’, ‘राष्ट्रीय काव्यरत्न’, प्रातिनिधिक काव्यसंग्रहात स्थान, सोबत सन्मानचिन्ह, फेटा आणि फोटो. खाली बारीक अक्षरात सहभाग शुल्क. बीडकडून इथे येऊन खासगी शिकवण्या घेणारा एक मुलगा असं पत्र घेऊन आनंदाने माझ्याकडे आला. कविता टाइप करायची होती आणि शुल्क भरल्याची पावती जोडायची होती. त्या शुल्कात त्याच्या खोलीचं महिन्याचं भाडं निघालं असतं. मी त्याला विचारलं, यांनी तुझी कविता वाचली का? तो गप्प झाला, कारण कविता अजून पाठवायचीच होती. पुरस्कार आधीच जाहीर झाला होता. शुल्क मात्र गेलं ते गेलंच. कवितेवर खरं प्रेम असलेल्या, पण कुणाची ओळख नसलेल्या मुलांनाच हे लोक बरोबर गाठतात. स्पर्धेला थोडं प्रवेशशुल्क असणं वेगळं आणि कविता न वाचताच सन्मान विकणं वेगळं. त्या मुलाची कविता मी टाइप केली, युनिकोडमध्ये, आणि एका नियतकालिकाकडे पाठवली. तिथून नकार आला, पण तो वाचून दिलेला होता, कुठली ओळ सैल आहे हे लिहून. त्याने ती ओळ दुरुस्त केली. तो अजून लिहितो.

चाचा आता दुकानात रोज येत नाहीत, गुडघे धरतात. उर्दू कागद लिहायचा असला की मी मजकूर घेऊन त्यांच्या घरी जाते. आता मोहल्ल्यातली दोन पोरंही त्यांच्याकडे खुशखत, म्हणजे सुलेखन, शिकायला येऊन बसतात.

संस्थांना माझी विनंती आहे की तुमच्या स्पर्धेची, संमेलनाची, अनुदानाची माहिती मुदत संपायच्या महिनाभर आधी द्या, आणि मराठीबरोबर उर्दूतही द्या. भाषांतराला माणूस मिळत नसेल तर शहागंजात या, आम्ही फुकट करून देऊ. लिहिणाऱ्यांना एवढंच सांगते: दिवाळी अंकासाठी कविता ज्येष्ठातच तयार ठेवा, एक प्रत स्वतःजवळ ठेवा, आणि कविता न वाचताच सन्मान विकणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नका.