पांढरा बॉल कुठे थांबतो

पूलच्या टेबलावर अंगातला सगळा जोर लावायची मुभा डावात एकदाच मिळते, आणि तीही अगदी सुरुवातीला. पुढचा सगळा खेळ मनगटाचा, नजरेचा, बोटभर अंतराच्या हिशेबाचा. पण त्याआधी बॉल रचायची चौकट, म्हणजे रॅक, उचलला जातो. नऊ बॉल एकमेकांना बिलगून उभे असतात. टोकाला पिवळा एक नंबर, मधोमध पिवळ्या पट्ट्याचा नऊ नंबर, आणि कापडाच्या दुसऱ्या टोकाला, सगळ्यांपासून लांब, एकटा पांढरा. त्या घटकेला हात शिवशिवतात. दिवसभर कुणाशी चढ्या आवाजात न बोललेला माणूससुद्धा क्यूची मूठ घट्ट धरतो.

मला या खेळात हीच घटका सगळ्यात प्रिय आहे. खरा खेळ ब्रेकनंतर, म्हणजे या पहिल्या फटक्यानंतर, सुरू होतो असं म्हणणारे बरेच भेटतात. बॉल पसरले, की कुठला आधी घ्यायचा, पांढरा कुठे आणून ठेवायचा, याचा विचार तिथून पुढे. मला ते पटत नाही. सगळा डाव ब्रेकमध्येच असतो, फक्त तो अजून उलगडलेला नसतो. माणसाला आपल्या ताकदीचं काय करायचं ते कळलंय की नाही, हे त्या एका फटक्यात दिसतं. पुढे दिसते ती हुशारी.

आधी अंतरं डोळ्यांपुढे आणू या. नऊ फुटी टेबलाची खेळायची जागा 100 इंच लांब आणि 50 इंच रुंद. बॉलचा व्यास सव्वादोन इंच, वजन फार तर 170 ग्रॅम. पांढरा ठेवायच्या रेषेपासून रॅकच्या टोकापर्यंत 50 इंच, म्हणजे सव्वा मीटरच्या जरा वर. चांगला खेळाडू ब्रेकला पांढऱ्याला ताशी तीसएक किलोमीटरचा वेग सहज देतो, आणि तेवढ्या वेगाला हे अंतर कापायला सेकंदाचा सहावा भागही पुरतो. आपण डोळा मिटून उघडेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं.

आता याच अंतरात एका अंशाची चूक धरा. क्यू एका अंशाने वाकडा गेला, तर पांढरा रॅकपाशी पोचेपर्यंत सुमारे दोन सेंटिमीटर बाजूला सरकतो. बॉल जेमतेम पावणेसहा सेंटिमीटरांचा. म्हणजे एक नंबरच्या नाकावर बसायचा तो त्याच्या गालावर बसतो, मधल्या रेषेपासून वीस-बावीस अंश बाजूला. रॅकला मिळणारी ऊर्जा त्याने थोडी कमी होते. तेही एक वेळ चालेल. पण वेगाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग पांढरा स्वतःकडेच ठेवतो, तो घेऊन बाजूच्या कुशनकडे सुटतो आणि अनेकदा मधल्या पॉकेटमध्ये जाऊन पडतो. बॉल पसरलेले असतात, एखादा पडलेलाही असतो, आणि आपण बाजूला उभं राहून दुसऱ्याला खेळताना बघत असतो.

आणि फटका जितका जोराचा, तितका तो अंश सांभाळणं अवघड. जोर लावायचा म्हणजे खांदा कामाला येतो, कंबर वळते, पुढचा पाय भार घेतो, मूठ आवळते. मूठ आवळली की क्यूचं शेपूट हलतं, आणि टिप पांढऱ्याच्या मध्यावरून केसभर सरकते. दुसरीकडे, वेग दहा टक्क्यांनी वाढला की ऊर्जा एकवीस टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाप्रमाणे चढते. जोराची ओढ काही खोटी नाही, जोराला फळ आहे. ते फळ बॉलच्या मध्यावर बसलेल्या जोराला मिळतं, एवढंच.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. क्यू कधीच पूर्ण आडवा नसतो. कुशनच्या उंचीमुळे मागचा हात थोडा वर राहतो. त्यामुळे फटका किंचित खाली जातो आणि जोराचा असेल तर पांढरा कापडावर आपटून उडतो. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाचे अभियांत्रिकीचे प्राध्यापक राहिलेले डेव्हिड अल्सिएटोर यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने असे फटके टिपून या खेळाची यंत्रविद्या सांगितली आहे. त्या चित्रणात पांढरा छोट्या उड्या घेत जाताना बघायला मिळतो. तो नेमका हवेत असताना रॅकवर आदळला, तर एक नंबरवर मध्याच्या वर बसतो आणि टेबलाबाहेरही जातो. म्हणून जाणकार खेळाडू पांढऱ्याची जागा चारसहा बोटं पुढेमागे करून बघतात, म्हणजे तो कापडावर टेकतो तेव्हाच टोकाला भिडेल. बाहेरून हे चाळे वाटतात. मला त्यात फार मोठी निगुती दिसते.

पुण्यात मी जिथे खेळायला जातो तिथले मार्कर, म्हणजे टेबलं सांभाळणारे काका, आयुष्यभर बिलियर्ड्सच्या टेबलांजवळ वावरलेले. पूल त्यांच्याकडे उतारवयात आला. रॅक लावताना ते बोटांनी बॉल असे पुढे दाबतात, की शेवटचा बॉल बसल्याची बारीक टक ऐकू येते. ती ऐकू आली नाही, तर रॅक उचलतच नाहीत. दोन बॉलांमध्ये कागदाएवढी फट राहिली तरी ऊर्जा भलत्याच वाटेने जाते, हे त्यांना पुस्तकातून कुणी शिकवलेलं नाही. एकदा मी विचारलं, "काका, अजून जोर लावू का?" ते म्हणाले, "जोर कुठं पळून चाललाय, साहेब? हातातच आहे की. आधी एक नंबरचं नाक बघा. नाकावर बसला की बाकीचे आपोआप पळतात." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि मारल्यावर लगेच उठू नका."

हे दुसरं वाक्य मला पहिल्याहून मोलाचं वाटतं. ब्रेकला बहुतेकांचं डोकं क्यू पांढऱ्याला लागायच्या आधीच वर येतं. काय झालं ते बघायची घाई असते. बघण्याच्या त्या घाईतच नेम जातो.

मार्करांची जडणघडण ज्या खेळांत झाली, त्यांचा स्वभाव निराळा. स्नूकर आपल्याच मातीत जन्मला: 1875 साली, जबलपूरच्या लष्करी छावणीत, नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याच्या हातून. त्यातला पहिला फटका अगदी हळुवार. लाल बॉलांच्या त्रिकोणाच्या कडेच्या बॉलला पांढऱ्याने जेमतेम स्पर्श करायचा आणि तीन कुशनांना लागून परत आपल्या हद्दीत यायचं. समोरच्याला काहीही द्यायचं नाही, हा तिथला पहिला विचार. बिलियर्ड्सलाही तीच शिस्त. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी 1958 मध्ये हौशी बिलियर्ड्सचं जगज्जेतेपद मिळवलं. कुठल्याही खेळात वैयक्तिक जगज्जेते झालेले ते पहिले भारतीय. 1964 मध्ये त्यांनी ते पुन्हा जिंकलं. अशा परंपरेत वाढलेल्या हाताला पूलचा ब्रेक पहिल्यांदा बघताना दांडगाई वाटली तर नवल नाही.

पण पूलला तो दणका लागतोच. नऊ बॉलच्या खेळात ब्रेकला काहीच पडलं नाही तर पाळी जाते. किमान चार बॉल कुशनपर्यंत पोचले नाहीत आणि पॉकेटमध्येही काही गेलं नाही, तर ब्रेक फाउल धरला जातो. म्हणजे घाबरून खेळायला नियमांनीच जागा ठेवलेली नाही. दार उघडावंच लागतं. किती उघडायचं आणि कुठे उभं राहून, ते तुमच्या हातात.

यावर आजवरचं सगळ्यात धीट उत्तर 2001 मध्ये अमेरिकेत मिळालं, असं मला वाटतं. यूएस ओपन नऊ-बॉलच्या अंतिम सामन्यात कोरी ड्युएल नावाचा तरुण मिका इमोनेनसमोर होता. फिनलंडचा इमोनेन त्याच वर्षी जगज्जेता झालेला. बॉल घट्ट बसवणारा नवा यांत्रिक रॅक त्या सुमारास आला होता. ड्युएलच्या ध्यानात आलं, की इतक्या घट्ट रॅकला दणक्याची गरजच नाही. त्याने हळू ब्रेक करायला सुरुवात केली. रॅकच्या कडेचा बॉल सरळ कोपऱ्याच्या पॉकेटकडे जायचा, बाकीचे जवळपासच राहायचे, पांढरा हाताशी. ताकदीचा एकुलता एक फटका, आणि तोच या माणसाने ताकद बाजूला ठेवून मारला. अंतिम सामना तो 11-0 असा जिंकला.

नंतर आयोजकांना वाटलं, की अशाने ब्रेकची शानच जाईल. काही स्पर्धांमध्ये नियम आला, की ब्रेकनंतर किमान तीन बॉल पॉकेटमध्ये तरी जावेत किंवा टेबलाच्या अलीकडच्या रेषेपर्यंत तरी यावेत. कुठे रॅकमध्ये एक नंबरच्या जागी नऊ नंबर ठिपक्यावर आणून सगळा रॅक पुढे सरकवला, म्हणजे कडेचा बॉल सहजी पडू नये. हे नियम मला योग्य वाटतात. ड्युएलची बुद्धी मोठीच होती, पण प्रत्येक डाव एकाच वाटेने उघडायला लागला असता तर खेळाचं नुकसान झालं असतं. ब्रेकमध्ये थोडं अनिश्चित उरायलाच हवं.

त्यानंतरच्या काळातला ब्रेक म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे शेन व्हॅन बोनिंग येतो. साउथ डकोटातल्या रॅपिड सिटीचा, 1983 चा जन्म, आणि जन्मापासूनच ऐकू कमी येणारा, श्रवणयंत्र लावतो. यूएस ओपन पाच वेळा जिंकला, 2022 मध्ये जगज्जेता झाला. त्याचा ब्रेक जबरदस्त. पण तो बघताना मी पसरणाऱ्या बॉलांकडे बघतच नाही. पांढरा रॅकवर आदळतो, थोडा वर उठतो, मागे येतो आणि टेबलाच्या मध्यावर बसकण मारतो. भोवती आठ-नऊ बॉल कुशनांवर धडका देत फिरत असतात, एकमेकांच्या वाटा कापत असतात, आणि ज्याने हे सगळं घडवलं तो मधोमध स्वस्थ. ब्रेकचा आवाज हीच आपली अर्धी मजा. या माणसाने मात्र त्याचं सगळं गणित हातात आणि पायात साठवलं. जोर आणि नेम यांच्यात निवड करावी लागते असं मानणाऱ्यांनी त्याचा एक डाव बघावा.

पांढरा तिथे थांबतो तोही योगायोग नव्हे. एकाच वजनाचे दोन बॉल समोरासमोर भिडले, तर मारणारा जागीच थबकला असता. पण एक नंबरच्या पाठीशी आठ बॉलांचं वजन असतं, म्हणून पांढरा मागे उसळतो. फटका मध्याच्या केसभर वर बसला असेल तर त्याच्या अंगात पुढे जाणारी फिरकी असते, आणि ती त्याला थोडं परत आणते. मागचं आणि पुढचं फिटलं, की तो मध्यावर राहतो. सगळ्या जोराचा जमाखर्च त्या एका जागेवर मिटलेला असतो.

पावसाळ्यात हा हिशेब बदलतो. कापड लोकरीचं, जुलैत हवेतली ओल त्यात शिरते आणि बॉल जड पावलांनी चालल्यासारखे वाटतात. उन्हाळ्यात टेबलभर धावणारा रॅक आता अर्ध्यातच रेंगाळतो. अशा दिवसांत तरुण मुलं हमखास जास्त जोर लावतात, आणि पांढरे हमखास पॉकेटात जातात. मार्कर तेव्हा टेबल दोनदा ब्रशने झाडतात, बॉल कोरड्या फडक्याने पुसून ठेवतात आणि काही बोलत नाहीत.

त्याच कापडावर रेषेपाशी पांढरट ठिपके असतात, ब्रेकच्या घर्षणाने भाजलेले. एकेका ठिपक्यात कुणाकुणाचे फटके साठलेले. रॅकच्या जागीही बारीक खळगे पडलेले असतात, वर्षानुवर्षं बॉल तिथे बसून बसून. ते ठिपके बघायला मला आवडतं. उजव्या कुशनजवळ ते दाट आहेत, मधोमध विरळ. म्हणजे इथले बहुतेक जण बाजूने फोडतात. टेबल आपल्या खेळाडूंची नोंद आपणच ठेवतं.

आपल्याकडच्या हाताला ही जाण अगदीच नवी नाही. कॅरम फोडताना आपण लहानपणीच शिकलोय, की नखाने सणसणीत मारलेला स्ट्रायकर सोंगट्या पसरवतो आणि स्वतःही भोकात जातो. घरोघरी, गणपतीच्या मंडपात, चाळीच्या गॅलरीत हा धडा गिरवलेला आहे. पूलच्या टेबलापाशी आल्यावर तो विसरला जातो, कारण हातात पावणेपाच-पाच फुटांचा क्यू येतो आणि लांबीला माणूस ताकद समजतो.

माझी स्वतःची रीत साधी आहे आणि ती मी नव्या मुलांना मनापासून सांगतो. निम्म्या जोराने सुरुवात करा. एक नंबर मध्यावर लागतोय आणि पांढरा मध्यावर थांबतोय, असं सलग दिसू लागलं की थोडा जोर वाढवा. पुन्हा तसंच. एका टप्प्यावर पांढरा भटकायला लागेल. तिथून एक पायरी खाली या. तोच तुमचा वेग. शेजारच्या टेबलावरचा मुलगा याहून जोरात मारत असेल, मारू दे. सरावाने तुमची पायरी वर चढत जाईल, आणि एखाद्या दिवशी दमलेलं अंग तिला खाली आणेल. त्या दिवशी खालच्या पायरीवर खेळा. मूठ सैल, डोकं खाली, क्यू पांढऱ्याच्या पार पुढे गेलेला.

आणि तुम्ही खेळत नसाल, मित्राबरोबर नुसतेच गेला असाल, तर एक मागणं आहे. ब्रेक होताना पसरणाऱ्या रंगांमागे डोळे पळवू नका. फक्त पांढरा बघा. तो मधोमध थांबला, तर एकही बॉल पडला नसला तरी त्या खेळाडूला दाद द्या. ब्रेक चांगलाच झालेला असतो.